पार्किन्सन्सची गोळी वाढवण्याआधी औषधांची पिशवी आणि वेळ बघा

प्रश्न थोडक्यात असा: बाबा ६७ वर्षांचे, दिग्रसजवळच्या गावात शेती. सहा वर्षांपूर्वी नागपूरला पार्किन्सन्सचं निदान झालं. तेव्हापासून सिंडोपा प्लस दिवसातून तीनदा, जेवणानंतर: सकाळी ८, दुपारी २, रात्री ९. सोबत पॅसिटेन २ मिलिग्रॅम दोनदा. पहिली काही वर्षं छान गेली. आता अकरा वाजले की पाय जमिनीला चिकटतात, दुपारची गोळी कधी लागते कधी नाही, रात्री कूस बदलता येत नाही. दोन महिन्यांत गॅसची कॅप्सूल, चक्करची गोळी आणि रक्त कमी म्हणून लोहाची गोळी सुरू झाली. बीपीची जुनीच आहे. त्यानंतर जास्तच अकडले, दोनदा पडले, संध्याकाळी कोपऱ्यात कोणी बसलंय म्हणतात. आई म्हणते गोळी वाढवा, काका म्हणतात खाजकुयरीचं चूर्ण द्या. पुढच्या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. काय करावं?

उत्तर:

आईंचं अगदीच चुकीचं नाही. गोळी पुढे वाढवावी लागेलही, पण आज नको. तुम्ही लिहिलेल्या यादीत सिंडोपाच्या उलट काम करणारी दोन औषधं असण्याची दाट शक्यता आहे. शिवाय सिंडोपा ज्या वेळेला दिली जाते आहे, त्या वेळेला ती धड मेंदूपर्यंत पोचतच नसावी. हे दोन्ही तसंच ठेवून गोळ्या वाढवल्या तर बाबा मोकळे होणार नाहीत, भास मात्र वाढतील.

आधी घरातली सगळी औषधं बाजेवर ओता. चालू, बंद, अर्धवट राहिलेली, आईंचीही. गोळ्यांच्या प्रत्येक पत्त्याच्या, म्हणजे स्ट्रिपच्या, मागे बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात, ते वाचा. पुढचं मोठं नाव काही सांगत नाही.

गॅसच्या कॅप्सूलमध्ये पँटोप्राझोल किंवा रॅबेप्राझोल असेल. त्याच्या जोडीला लिव्होसल्पिराइड लिहिलेलं आहे का ते बघा. आपल्याकडे ही जोडगोळी पोट फुगणं, करपट ढेकर, भूक न लागणं यासाठी सर्रास दिली जाते. पार्किन्सन्समध्ये मेंदूतलं डोपामीन, म्हणजे हालचाल चालवणारं रसायन, कमी पडतं; सिंडोपातल्या लिव्होडोपाचं मेंदूत तेच बनतं. लिव्होसल्पिराइड मेंदूतल्या डोपामीनच्या जागा अडवतं. सिंडोपा पाहुणा घेऊन दारात येते आणि ही कॅप्सूल आतून कडी लावून घेते. पार्किन्सन्स नसलेल्या धडधाकट म्हाताऱ्यांनाही ही कॅप्सूल महिनोन्‌महिने दिल्याने थरथर आणि अकड आलेली मी बघत असतो. बाबांना तर आजार आहेच. असं असेल तर ज्यांनी लिहून दिली त्यांना आजच फोन करा आणि साधी पँटोप्राझोल तेवढी मागा. बंद केल्यावर दोन दिवसांत फरक दिसेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. काही आठवडे जातात, कधी काही महिनेही.

चक्करच्या गोळीतही बहुधा असंच काही निघेल. सिनॅरिझिन, फ्लुनॅरिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन, म्हणजे स्टेमेटिल, यांपैकी कुठलंही असलं तरी ते पार्किन्सन्सच्या माणसाला नको. उलटीसाठीचं मेटोक्लोप्रामाइड, म्हणजे पेरिनॉर्म, हे तर त्याहून नको. गोळी नको, इंजेक्शनही नको. उलटीवर काही द्यायचंच झालं तर ऑन्डान्सेट्रॉन चालतं. थोडे दिवस डॉम्पेरिडोनही चालतं, फक्त हृदयाचा त्रास असेल तर आधी ईसीजी बघून.

गावातल्या डॉक्टरांवर चिडू नका. दुसऱ्या कुणाला याच गोळ्या दिल्या असत्या तर बहुतेक वेळा काही बिघडलं नसतं. एकेका तक्रारीवर एकेक गोळी मिळत जाते आणि सगळ्या तक्रारी एकाच गाठीच्या आहेत हे कुणाच्या लक्षात येत नाही. हे असं घडतं: मेडिकलमध्ये सिंडोपा प्लस नसते, दुकानदार “तीच आहे, घ्या” म्हणून सिंडोपा ११० देतो. दोन्हींत लिव्होडोपा १०० मिलिग्रॅमच आहे. पण प्लसमध्ये कार्बिडोपा २५ आहे आणि ११० मध्ये फक्त १०. लिव्होडोपाचं डोपामीन मेंदूत जाण्याआधी बाहेरच होऊ नये म्हणून कार्बिडोपा असतं, आणि ते दिवसाला ७० ते १०० मिलिग्रॅम लागतं. ११० च्या तीन गोळ्यांत ते जेमतेम ३० भरतं. मग मळमळ सुरू होते, मळमळीवर पेरिनॉर्म येतं, पेरिनॉर्मने अंग अकडतं, आणि घरचे म्हणतात आजार वाढला. तुमच्या गोळ्यांच्या स्ट्रिपवर प्लसच आहे ना, हे एकदा डोळ्यांनी बघा. २७५ नावाचीही एक आहे, तिच्यात लिव्होडोपा थेट २५० असतं. तीही बदली म्हणून घ्यायची नाही.

बाबांची चक्कर कानाची नसावी, असा माझा अंदाज आहे. ते पडले ते कसे, हे तुम्ही लिहिलं नाही. बाजेवरून किंवा जेवून उठल्यावर लगेच पडले असतील तर आधी बीपी बघायला हवा. पार्किन्सन्समध्ये उभं राहिल्यावर बीपी उतरतो, सिंडोपा तो आणखी उतरवते, आणि वर बीपीची गोळी चालू आहे. ती सहा वर्षांपूर्वी लागत होती म्हणून आजही तेवढीच लागेल असं नाही. उपकेंद्रातल्या सिस्टरना सांगा: पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्या, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर कागदावर लिहून तुमच्या डॉक्टरांना दाखवा, ते बीपीची गोळी कमी करतील किंवा बदलतील. खुर्चीवर बसवून घेतलेल्या एका मापात हे कधीच सापडत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या पुढे गेला की घामाने अंगातलं पाणी जातं आणि हे सगळं दुपटीने जाणवतं. तेव्हा पाणी आणि ताक भरपूर द्या, लघवीची गोळी चालू असेल तर तिचा विचार पुन्हा करायला सांगा.

आता पॅसिटेन. हिचं खरं नाव ट्रायहेक्सीफेनिडिल. तरुण रुग्णाची थरथर हिने कमी होते, पण साठी-पासष्टीनंतर ही गोळी विसराळूपणा, तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ, लघवी अडकणं आणि भास देते. कोपऱ्यात बसलेला माणूस बहुधा हिचाच. गावात अशा वेळी बाहेरची बाधा म्हणून अंगारा-धुपारा सुरू होतो. बाहेरचं काही नाही हो, पिशवीतलंच आहे. पण ही गोळी एकदम तोडायची नाही, डॉक्टरांच्या सांगण्याने काही आठवड्यांत हळूहळू उतरवायची. त्याच वेळी लघवीची तपासणी करून घ्या, कारण म्हाताऱ्या माणसाला लघवीचा जंतुसंसर्ग झाला की कधी कधी पहिलं लक्षण ताप नसून बडबड आणि भास असतं. भास आणि आरडाओरड वाढली म्हणून कुणी हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन देऊ लागलं तर हात जोडून थांबवा. गरज पडलीच तर अगदी लहान मात्रेत क्वेटियापिन देतात.

पिशवीचं एवढं झालं की घड्याळाकडे या. अर्धा प्रश्न इथे आहे.

लिव्होडोपा पोटात शोषली जात नाही. पोट रिकामं होऊन ती लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात पोचली की तिथे शोषली जाते. रक्तात ती फार टिकत नाही, साधारण दीड तासात निम्मी होते. मग सुरुवातीची वर्षं तीन गोळ्यांत कशी निघाली? तेव्हा मेंदूतल्या उरलेल्या पेशी डोपामीन साठवून लागेल तसं सोडत होत्या. वर्षं जातात तशा त्या पेशी कमी होतात, साठवण संपते, आणि गोळीचा अंमल तिच्या रक्तातल्या मुक्कामाएवढाच उरतो: चार-पाच तास, पुढे तीन. बाबांच्या गोळ्यांमधलं अंतर बघा. ८ ते २ सहा तास, २ ते ९ सात तास, आणि ९ ते सकाळी ८ अकरा तास! अकरा वाजता पाय चिकटतात ते सकाळची गोळी उतरल्यामुळे. रात्री कूस बदलता येत नाही त्याचंही कारण तेच.

“गोयी लागूनच नाई राह्यली” असं म्हणत जे येतात, त्यांना मी पहिला प्रश्न विचारतो: जेवणात काय होतं? लिव्होडोपा हे एक अमिनो आम्ल आहे. डाळ, बेसन, दूध, अंडी, मटण यांतल्या प्रथिनांची अमिनो आम्लं आणि ती एकाच वाटेने आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जातात. गर्दी झाली की गोळी मागे राहते. दुपारी झुणका-भाकर, तुरीचं घट्ट वरण किंवा पाटवडीचा रस्सा पोटभर खाऊन लगेच सिंडोपा घेतली की तास-दीड तास काहीच होत नाही. कधी होतं, कधी त्या वेळची गोळी वायाच जाते. भाजी-भाकरीच्या दिवशी तीच गोळी छान लागते. “कधी लागते कधी नाही” याचं कोडं बरेचदा ताटात सुटतं.

म्हणून गोळी जेवणाच्या निदान अर्धा तास आधी, पाऊण तास मिळाला तर उत्तम. आधी राहिलीच तर जेवणानंतर तास-दीड तासाने. पेलाभर साध्या पाण्यासोबत, दुधासोबत नाही. चहातल्या चमचाभर दुधाने काही होत नाही, त्याचा बाऊ करू नका. रिकाम्या पोटी मळमळलंच तर मूठभर मुरमुरे किंवा कोरड्या भाकरीचा तुकडा द्या. आणि कृपा करून डाळ बंद करू नका. हे ऐकून गेलेली घरं हमखास वरण-दूध तोडतात आणि तीन महिन्यांनी माणूस वाळून येतो. या आजारात वजन तसंही उतरतं. प्रथिनं पूर्ण द्यायची, फक्त गोळीपासून लांब. ज्यांना चढ-उतार खूपच होतात त्यांनी दिवसा हलकं खाऊन डाळ-दूध रात्रीच्या जेवणात ठेवलं तर दिवस बरा जातो.

लोहाच्या गोळीचंही असंच. लोह लिव्होडोपाला पोटातच धरून ठेवतं. दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर पाहिजे. सगळ्यात सोपं म्हणजे लोहाची गोळी रात्री झोपताना. त्या वेळी रात्रीची सिंडोपा असेल तर लोह दुपारच्या मधल्या वेळेला न्या. बी-कॉम्प्लेक्सने सिंडोपा मरते असं कुणी सांगितलं असेल तर ती कार्बिडोपा येण्याआधीच्या काळातली गोष्ट आहे, नेहमीच्या मात्रेत चालतं. उलट बरीच वर्षं लिव्होडोपा घेणाऱ्यांनी बी-१२ एकदा तपासून घ्यावं.

पोट साफ होत नसेल तर गोळीही वेळेवर पुढे सरकत नाही. इसबगोल, पपई, पाणी, लागलं तर लॅक्टुलोज. हे कुणी औषधात धरत नाही, पण मी धरतो.

तुमच्या डॉक्टरांपुढे ठेवायला एक आराखडा देतो. आपल्याकडे शेतकऱ्याचा दिवस पाचलाच सुरू होतो, त्यामुळे पहिली गोळी ८ ची वाट का बघते हेच मला कळत नाही. सकाळी ६, मग १०, २ आणि ६, चारही वेळा सिंडोपा प्लस एकेक. पहिली रात्रीच उशाशी काढून ठेवा, अंथरुणातच घेऊ द्या, पाऊण तासाने अंग मोकळं झालं की मग संडास-आंघोळ. न्याहारी सातला, जेवण अकराला, तीनला काहीतरी हलकं, रात्रीचं जेवण सातला. यात दिवसाला एकच गोळी वाढते, पण अंतर चार तासांवर येतं. रात्री कूस वळत नाही त्यासाठी झोपताना सीआर, म्हणजे हळूहळू सुटणारी गोळी द्यायची का आणि किती, हे डॉक्टर ठरवतील. सीआर कुटायची, चावायची नाही. साधीच्या जागी सीआर चालत नाही, तिचं शोषण कमी असतं आणि ती उशिरा चढते. भास चालू असताना हे बदल एकदम करू नका. आधी कॅप्सूल, चक्करची गोळी आणि पॅसिटेनचं बघा, मग वेळा बदला.

एखादी वेळ चुकली, तर आठवल्यावर एकच घ्यायची आणि पुढच्या त्या हिशोबाने सरकवायच्या. दोन एकदम कधीच नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत घरात कुणी नसतं, तेव्हा दहाची आणि दोनची गोळी पुडीत बांधून खिशात आणि मोबाइलचा गजर, एवढं पुरतं. टिनाच्या छपराखालच्या फळीवर किंवा गाडीच्या डिकीत औषध ठेवू नका, उन्हाने आणि ओलीने ते खराब होतं. पंधरा दिवसांचा साठा हाताशी असू द्या. तालुक्याला जनऔषधी केंद्र असेल तर लिव्होडोपा-कार्बिडोपा विचारा, पण आकडे १०० आणि २५ च आहेत ना ते बघूनच घ्या. एकादशी असो, नवरात्र असो की शेगावची पायी वारी, ही गोळी उपासाला चालते, चालवायचीच. एकदम बंद केली तर अंग लाकडासारखं होऊन कडक ताप येऊ शकतो, शुद्ध हरपू शकते, जीवावर बेतू शकतं. असं झालं तर थांबायचं नाही, मोठ्या दवाखान्यात न्यायचं.

घरच्यांचा एक गोंधळ मात्र नेहमीचा. अंग हलतंय म्हणजे थरथर, थरथर म्हणजे गोळी कमी, असा हिशोब असतो. आजाराची थरथर हात मांडीवर निवांत असताना होते आणि पुढच्या गोळीची वेळ आली की वाढते. गोळी घेतल्यावर तासाभराने मान, खांदे, पाय नाचल्यासारखे वळवळतात ती गोळी जास्त झाल्याची खूण. तिथे आणखी गोळी म्हणजे आगीत तेल. नागपूर, सेवाग्राम किंवा सावंगी, जिथे दाखवाल तिथे जाण्याआधी तीन दिवसांची नोंद करा: गोळी किती वाजता, जेवण किती वाजता आणि काय, आणि तासातासाला एकच शब्द: मोकळे, अकडलेले किंवा वळवळ. सगळ्यात वाईट आणि सगळ्यात चांगल्या वेळेचा मोबाइलवर व्हिडिओ. नाहीतर होतं असं, की रांगेत चार तास बसून बाबा आत जातात तेव्हा नेमके चांगले चालत असतात.

नवीन औषध जोडायचं का, हे त्या नोंदीवरून ठरेल. वेळा नीट करूनही गोळी लवकर उतरत असेल तर एन्टाकॅपोन. ती २०० मिलिग्रॅमची गोळी प्रत्येक सिंडोपासोबतच घ्यायची, एकटी घेऊन उपयोग शून्य. लघवी केशरी-लाल होते, घाबरायचं नाही. हगवण लागली तर कळवायचं. रासाजिलिन दिवसातून एकदा असते. ती चालू असताना ट्रामाडॉल हे दुखण्याचं औषध आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं सिरप घेता येत नाही, आणि ही दोन्ही औषधं आपल्याकडे सहज हाती पडतात. वळवळीसाठी अमँटॅडिन आहे, पण भास होणाऱ्याला ते नको. प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोलही बाबांना आज नकोच. ही दोन्ही औषधं घेणाऱ्या काहींना दिवसा झोपेचा झटका येतो, ट्रॅक्टर-मोटारसायकलवर ते धोक्याचं. काही जण एकाएकी मटका-जुगारात पैसे उडवू लागतात किंवा नको त्या मागण्या करतात. घरचे लाजेने सांगत नाहीत आणि डॉक्टर विचारत नाहीत.

काकांच्या खाजकुयरीला मी हसणार नाही. तिच्या बियांत खरोखरच लिव्होडोपा असते. अडचण तीच आहे: कुठल्या पुडीत किती, हे ना वैद्याला ठाऊक ना मला. सिंडोपाच्या वर ते चूर्ण म्हणजे न मोजता दिलेली जास्तीची गोळी. ज्या माणसाला भास होतात आणि उठताना बीपी उतरतो, त्याला तर नकोच. आधीच सुरू केलं असेल तर लपवू नका, डॉक्टरांना सांगा.

मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊ शकतं, आणि व्हावं. नीट दिसू लागलं की पडणं आणि भास दोन्ही कमी व्हायला मदत होते. डोळ्याच्या डॉक्टरांना पॅसिटेनचं सांगून डोळ्याचा दाब तपासून घ्या. त्या दिवशी उपाशी ठेवलं तरी सहाची सिंडोपा घोटभर पाण्यासोबत द्यायची परवानगी भूल देणाऱ्या डॉक्टरांकडून आदल्या दिवशीच घ्या. ऑपरेशनचा नंबर गोळीनंतर तासाभरात, बाबा मोकळे असताना लागेल असं बघा, वळवळ होत असेल तर तेही सांगा, कारण टेबलावर डोकं स्थिर लागतं. गोळ्या स्वतःच्या न्या, दवाखान्यात असतीलच असं नाही. एका कागदावर मोठ्या अक्षरात सिंडोपाच्या वेळा लिहा, खाली “पेरिनॉर्म, स्टेमेटिल, हॅलोपेरिडॉल देऊ नये” असं लिहा, आणि तो कागद केसपेपरला पिनने लावून द्या.